माजी सैनिक शेवटच्या आजारात असतो तेव्हा: हॉस्पिस टीमने या चुका टाळा

आमच्या हॉस्पिस टीममध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या टीममध्ये, नवी नर्स आली की पहिल्या होम व्हिजिटआधी मी तिला एकच सांगते. घरात गेलीस की खाटेखाली, माळ्यावर नजर टाक. काळी लोखंडी ट्रंक आहे का? तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव रंगवलंय का? असेल तर हा माणूस फौजेतला. केसपेपरवर मात्र ‘व्यवसाय: शेती’ एवढंच असतं, कारण त्याला पेन्शनला येऊन तीसेक वर्षं झालेली असतात आणि आपण विचारलेलं नसतं.

न विचारणं हीच पहिली चूक, आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात काम करणाऱ्या पॅलिएटिव्ह (दुखणं-त्रास कमी करणाऱ्या) टीमला तर ही चूक परवडणारीच नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. अमेरिकेत २०१० पासून हॉस्पिससाठी ‘वी ऑनर व्हेटरन्स’ नावाचा उपक्रम चालतो. त्यातही सुरुवात रुग्णाला सेवेबद्दल विचारण्यापासूनच होते. आपल्याकडे त्यासाठी वेगळा फॉर्म छापायचीही गरज नाही. फौजेत होता का, पलटण कुठली, हुद्दा काय होता, पोस्टिंग कुठे कुठे झालं, एवढे चार प्रश्न केसपेपरच्या पहिल्या पानावर आले तरी पुरे.

सगळेच ‘मेजर’, सगळेच ‘काका’

गावात फौजेतून आलेला प्रत्येक जण ‘मेजर’ असतो. मग तो नाईक म्हणून रिटायर झालेला असो की हवालदार. दवाखान्यात तोच ‘काका’ होतो. दोन्ही प्रेमाचंच, पण जो माणूस सुभेदार म्हणून घरी आला त्याला ‘सुभेदारसाहेब, कूस बदलायची का?’ असं विचारून बघा, चेहऱ्यात फरक दिसतो. मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर ४ फेब्रुवारीला आठवणीने जा. १६७० साली सिंहगड घेतला तो हा दिवस, आणि रेजिमेंट तो आपला दिवस म्हणून पाळते. पहिल्या मराठा बटालियनच्या माणसासमोर ‘जंगी पलटण’ हे तिचं टोपणनाव उच्चारलं की पुढचा अर्धा तास तोच बोलतो, आपण फक्त ऐकायचं. आपण मात्र १५ ऑगस्टला पेढे वाटून मोकळे होतो.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे ‘आजोबा, युद्धात किती जणांना मारलंत?’ हा प्रश्न. तरुण स्वयंसेवक तो हमखास विचारतात. अहो, फौजेत स्वयंपाकी असतात, ड्रायव्हर असतात, क्लार्क असतात. त्यांना हा प्रश्न विचारला की आपली नोकरी कमी प्रतीची होती असं वाटतं. आणि ज्याने खरंच बंदूक चालवली त्याला हे कुणाला सांगायचं नसतं. १९७१ च्या लढाईतले सगळ्यात तरुण जवानही आता सत्तरी ओलांडून गेलेत. त्यांच्या हकिकती निदान गावाने ऐकलेल्या असतात. १९८७ ते १९९० मध्ये शांतिसेनेतून श्रीलंकेत जाऊन आलेल्यांना तेवढंही मिळालेलं नाही. त्यांनी विषय काढला तर मध्ये बोलू नका. नाही काढला तर तुम्ही उकरू नका.

‘काही नाही, ठीक आहे’ वर विश्वास ठेवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हाडांत कॅन्सर पसरलेला, मुठीत चादर आवळून धरलेली, आणि ‘शून्य ते दहामध्ये दुखणं किती?’ विचारलं की उत्तर येतं, ‘दोन.’ आपण दोन लिहून निघतो. बाहेर ओसरीवर बायको हळूच सांगते, रात्रभर उशी दातात धरून पडलेले असतात.

दुखतंय म्हणणं म्हणजे तक्रार करणं, आणि तक्रार करायची नाही, हे वीस वर्षांत अंगात मुरलेलं असतं. म्हणून दुखण्याचा आकडा विचारू नका, काम विचारा. रात्री किती वेळा जाग आली? कुशीवर वळता आलं का? संडासला कोणाच्या आधाराशिवाय जाता आलं का? मी सरळ म्हणते, ‘हवालदारसाहेब, रात्रीचा रिपोर्ट द्या.’ रिपोर्ट द्यायला त्यांना कमीपणा वाटत नाही. रिपोर्टमध्ये खरं बोलायचं असतं, हेही अंगात मुरलेलंच असतं.

मॉर्फिनचं नाव काढलं की ‘नशा नको, डोकं ठिकाणावर पाहिजे’ असं हमखास ऐकू येतं. तिथे वाद घालू नका. कमी डोसवर सुरू करतोय, वेळ ठरलेली आहे, सुरुवातीचे दोन-चार दिवस थोडी झापड येईल आणि बहुधा नंतर जाईल, असं सांगा. शिस्तीच्या माणसाला वेळापत्रक पटतं. सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध द्यायला विसरू नका. बद्धकोष्ठ झालं की तो मॉर्फिन गुपचूप बंद करतो आणि आपल्याला कळवतही नाही. २०१४ मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून हे औषध मिळवण्याची कागदोपत्री अडचण पुष्कळ कमी झालीय. अडचण आता बहुतेक डोक्यातच असते, कधी रुग्णाच्या, कधी आपल्या.

अस्वस्थपणाला लगेच ‘युद्धाच्या आठवणी’ म्हणणं

शेवटच्या दिवसांत माणूस उठून बसतो, नळ्या ओढतो, ओरडतो. फौजेतला असेल तर बऱ्याचदा हिंदीत. फौजेची भाषा हिंदी, त्यामुळे घरी सदा मराठी बोलणारा बाप रात्री दोन वाजता हिंदीत हुकूम द्यायला लागतो आणि घरचे घाबरतात. त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

पण टीमनेही घाई करू नये. एका रुग्णाच्या बाबतीत आम्ही दोन रात्री ‘जुन्या आठवणी येतायत’ म्हणत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी पोट दाबून बघितलं तर मूत्राशय टम्म. लघवीची नळी तुंबलेली. बदलली, जवळपास लिटरभर लघवी निघाली आणि माणूस शांत झोपला. अजूनही आठवलं की लाज वाटते. तेव्हा आधी लघवी, मग संडास, मग ताप, मग नुकतं वाढवलेलं किंवा बदललेलं औषध आणि अंगातलं पाणी, हे सगळं तपासा. आठवणींचा नंबर त्यानंतर.

आणि खरंच आठवणीच असतील, तर पाठीमागून हात लावू नका. समोर या, आपलं नाव सांगा, काय करणार ते सांगा, मगच स्पर्श करा. खोलीत मंद दिवा राहू द्या. हात बांधू नका. बांधलेला माणूस जास्त झगडतो. गणपतीत किंवा लग्नसराईत शेजारी फटाके वाजणार असतील तर आधीच जाऊन विनंती करा. लोक ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

कृत्रिम पाय असेल तर तो ‘आता काय उपयोग’ म्हणून माळ्यावर टाकू नका. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून मिळालेला पाय त्याने आयुष्यभर वागवलाय. तो खाटेजवळ, दिसेल असा असू द्या.

तिरंगा, कर्नल आणि फोटो

उत्साहाच्या भरात होणारी चूक म्हणजे निधनानंतर हॉस्पिसनेच पार्थिवावर तिरंगा घालणं. ध्वजसंहिता २००२ नुसार शासकीय, लष्करी आणि केंद्रीय निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्कारांखेरीज कुठेही राष्ट्रध्वज असा पांघरता येत नाही. मानवंदना मिळावी अशी घरच्यांची इच्छा असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधीच विचारून ठेवा. वृद्धापकाळाने गेलेल्या माणसाच्या पत्नीला भाषणात ‘वीरपत्नी’ म्हणण्याचंही टाळा. तो शब्द रणात पती गमावलेल्या बायकांचा आहे.

भेटीला कोणाला आणायचं, इथेही विचार करा. आम्ही एकदा मोठ्या कौतुकाने एका निवृत्त कर्नलसाहेबांना घेऊन गेलो. मणक्यात कॅन्सर असलेला तो जवान, साहेब दारात दिसताच सावधान होऊन उठायला गेला. पुढचे चार तास त्याच्या वेदना आटोक्यात आणण्यात गेले. आता आम्ही बरोबरीच्या हुद्द्याचा, शक्यतो त्याच पलटणीचा माणूस शोधतो. दोघं फार बोलतही नाहीत. कॅन्टीन, जुना एखादा उस्ताद, बर्फातला चहा, इतकंच. शाल-श्रीफळाचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी मात्र त्याला विचारा. हाडांचा सापळा झालेलं आपलं शरीर जुन्या सोबत्यांनी बघावं, असं सगळ्यांना वाटत नाही.

कागद ‘नंतर बघू’ म्हणणं

प्रत्येक माजी सैनिकाकडे पेन्शन आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असतंच, हे गृहीत धरू नका. ईसीएचएस १ एप्रिल २००३ ला सुरू झालं. त्याआधी रिटायर झालेल्यांपैकी काहींनी सदस्यत्व घेतलंच नाही. पेन्शन मिळण्याइतकी नोकरी न झालेलेही पुष्कळ आहेत. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या पासष्टीपुढच्या गरजूंसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत असते, अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच जातो. अंथरुणाला खिळलेल्याचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही काढता येतो. बोटांचे ठसे झिजलेल्या माणसाला रिक्षात घालून तालुक्याला नेऊ नका.

आणि त्या ट्रंकेवरचं नाव एकदा नीट वाचा. ट्रंकेवर आणि डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळालेल्या नोंदवहीत) ‘बाबू’, आधारवर ‘बाबूराव’. बायकोचं नाव पेन्शनच्या कागदावर एक, रेशनकार्डावर दुसरं. लग्न रिटायर झाल्यावर झालं असेल तर कधी तिची नोंदच नसते. तो असेपर्यंत त्याच्या अर्जावर पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती होते. तो गेल्यावर तीच बाई वर्षभर हेलपाटे घालते. तेव्हा त्याची सही किंवा अंगठा होतोय तोवर हे काम उरका. ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर मोबाइल नंबर कोणाचा आहे, तेही त्याच बैठकीत तपासा. ओटीपी बऱ्याचदा पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाच्या कधीच बंद पडलेल्या सिमवर जात असतो.