राजाला चिकटलेलं इंग्रजी विशेषण कसं तपासावं

जुन्या राजाबद्दल इंग्रजीत ‘टायरंट’ दिसला की लगेच ‘जुलमी’ लिहून मोकळे होऊ नका. आधी मजकूर कोणत्या काळाबद्दल आहे ते बघा. ग्रीकांकडे हा शब्द मुळात वारसाहक्काशिवाय सत्ता बळकावणाऱ्यासाठी होता. तो क्रूर असेलच असं नाही. ‘डेस्पॉट’ म्हणजे ग्रीकमध्ये मुळात घरधनी, आणि बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या दरबारात तर ती मानाची पदवी. रोमचा ‘डिक्टेटर’ सुरुवातीला संकटकाळी जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी नेमलेला, कायद्यातला अधिकारी होता. म्हणून शब्दाचे जुने अर्थ देणारा मोठा कोश घ्या. खिशातला कोश इथे हमखास फसवतो.

मग लिहिणारा कोणाच्या आश्रयाला होता ते शोधा. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. त्याला हरवणाऱ्या ट्यूडर घराण्याच्या काळात त्याचं कुबडा, वाळक्या हाताचा असं चित्र रंगवलं गेलं. २०१२ मध्ये लेस्टरला त्याचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा बाजूला वाकलेला होता, पण हात वाळल्याची खूण नव्हती. निंदा बहुतेकदा अशीच असते: थोडी खरी, बरीच फुगवलेली. पण बदनामी झाली म्हणून राजा निर्दोष ठरत नाही. त्याच्या ताब्यात असताना नाहीशा झालेल्या दोन लहान पुतण्यांचं काय झालं, हा प्रश्न उरतोच.

टिपणाच्या वहीत दोन रकाने आखा. एकात विशेषणं, दुसऱ्यात तारखेसह कृती. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर त्या विशेषणावर विसंबू नका.