तागाचा धागा प्लास्टिकमधून निसटू नये म्हणून

तागाचे किंवा घायपाताचे धागे मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची एक पट्टी मोडावी आणि मोडलेली कड भिंगाखाली धरावी. धागे स्वच्छ बाहेर आलेले आणि शेजारी त्यांच्याच जाडीची भोके दिसली, तर धागा तुटलेला नसून नुसता निसटला आहे, असे समजावे. धाग्याचा मुख्य घटक असलेल्या सेल्युलोजमधील हायड्रॉक्सिल (OH) गटांना पाण्याची ओढ असते, पॉलिप्रॉपिलीन मात्र अध्रुवीय, म्हणजे पाण्याशी न जुळणारे असते. त्यातच धाग्यावर मेण आणि पेक्टिन असल्यामुळे वितळलेले प्लास्टिक त्यावर नीट पसरत नाही.

हा थर काढण्यासाठी धागे 5 टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात खोलीच्या तापमानाला एक-दोन तास बुडवावेत. हातमोजे आणि चष्मा घालून सोडा थोडाथोडा पाण्यात टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. नंतर धागे भरपूर पाण्याने धुऊन, अगदी सौम्य अ‍ॅसेटिक आम्लातून काढून, पुन्हा धुवावेत. द्रावण तीव्र केले किंवा वेळ वाढवला, तर सेल्युलोजच दुबळे होते.

सर्वाधिक हयगय होते ती वाळवणीत. धागे हाताला कोरडे लागले, तरी त्यांत ओल असतेच आणि प्लास्टिक वितळवताना तिची वाफ होऊन आत पोकळ्या राहतात. म्हणून ओव्हनमध्ये 80 अंश सेल्सिअसला, लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत, धागे वाळवावेत आणि लगेच वापरावेत, कारण उघड्यावर ते हवेतली ओल पुन्हा ओढून घेतात.

खरी सांधणी मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेल्या पॉलिप्रॉपिलीनने होते; धागा आणि प्लास्टिक यांमधला दुवा तोच. त्याचा अ‍ॅनहायड्राइड गट धाग्यातील हायड्रॉक्सिलशी एस्टर बंध जुळवतो आणि त्याची लांब साखळी मूळ प्लास्टिकमध्ये गुंतते. एकूण मिश्रणाच्या वजनाच्या 3 टक्क्यांपासून सुरुवात करावी. प्रमाण वाढवत गेल्याने पकड वाढतच जाते, असे नाही. साधने तुटपुंजी असतील, तर मी सोड्याची प्रक्रिया सोडून देईन, पण वाळवण आणि हा दुवा सोडणार नाही. मूळ प्लास्टिक पॉलिएथिलीन असेल, तर दुवाही पॉलिएथिलीनचाच घ्यावा. इपॉक्सी रेझिनसाठी दुवा म्हणून सिलेन हे रसायन वापरतात. मिश्रणाचे तापमान 200 अंशांच्या आत ठेवावे, नाहीतर धागे करपू लागतात.

आता नवी पट्टी मोडून पाहावी. धागे कडेलगत तुटलेले आणि त्यांना प्लास्टिक चिकटलेले दिसले, तर पकड बसली आहे. मात्र निसटणारा धागा आघाताची ऊर्जा शोषत असतो, त्यामुळे ताणबल (ओढ सोसण्याची ताकद) वाढूनही आघातबल (धक्का सोसण्याची ताकद) घटू शकते. वस्तूला धक्के सोसायचे असतील, तर दुव्याचे प्रमाण थोडे उतरवून ताणबल आणि आघातबल या दोन्हींच्या चाचण्या पुन्हा घ्याव्यात.