प्रथिनांच्या घड्या शिकताय? आधी एक गाठ सोडवून बघा

रत्नागिरीत राहून प्रथिनांच्या रचना शिकता येतील का, असं एम.एस्सी.ला आलेली मुलं विचारतात. नक्की येतील. महागडी यंत्रं आपल्याकडे नसली तरी जगभर उलगडलेल्या रचना १९७१पासून प्रोटीन डेटा बँकेत जमा होतायत आणि त्या कुणालाही फुकट बघता येतात. साधा लॅपटॉप आणि रचना फिरवून दाखवणारं कायमेराएक्स हे सॉफ्टवेअर पुरतं. फक्त हेलिक्स, शीट, बॅरल अशी घड्यांची नावं घोकत बसू नका. समोर येईल त्या घडीबद्दल एकच विचारा: हिला धरून कोणी ठेवलंय?

मी सगळ्यांना आधी या बँकेतली १एनबी१ (1NB1) ही नोंद उघडायला लावते. हे कलाटा बी१ नावाचं प्रथिन, अवघ्या २९ अमिनो आम्लांचं. काँगोतल्या बायका बाळंतपण लवकर व्हावं म्हणून ज्या वनस्पतीचा काढा घ्यायच्या, तिच्यातलं. नॉर्वेजियन डॉक्टर लोरेन्ट्स ग्रान यांनी १९७०च्या दशकात त्यावर लिहिलं. काढा म्हणजे उकळणं आलं, आणि उकळल्यावर बहुतेक प्रथिनं विस्कटतात. हे टिकतं.

का, ते डोळ्यांनी बघा. बाकी सगळं झाकून सहा सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्लं) तेवढी दाखवा. पहिलं चौथ्याला, दुसरं पाचव्याला डायसल्फाइड बंधाने, म्हणजे गंधकाला गंधक जुळून, जोडलेलं. मधल्या साखळीसकट त्यांचं एक कडं होतं. तिसरं-सहावं जोडणारा बंध थेट त्या कड्यातून आरपार जातो; हीच ती गाठ. रचना फिरवत राहा, तो क्षण चुकवू नका. शिवाय साखळीची दोन्ही टोकं एकमेकांना जुळलेली, त्यामुळे टोकापासून कुरतडणाऱ्या एन्झाइमांना सुरुवातच सापडत नाही. मला सगळ्यात सुंदर वाटतं ते पुढचं: एरवी पाणी टाळणारी अमिनो आम्लं आत दडतात, इथे आतली जागा गाठीनेच अडवलीय, म्हणून त्यातली बरीचशी बाहेर, पृष्ठभागावर आलीत.

याच घराण्यातली प्रथिनं आपल्या गडग्यावर चढणाऱ्या निळ्या गोकर्णातही आहेत.

मग कोलॅजेनकडे, कातडीतल्या प्रथिनाकडे वळा. इथे अशी गाठ नाही, तरी तीन साखळ्यांचा पीळ टिकतो. दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन, कारण मध्यभागी त्याहून मोठं काही मावतच नाही. पीळ पक्का करतं हायड्रॉक्सिप्रोलिन हे अमिनो आम्ल. थंड समुद्रातल्या माशांत ते कमी, म्हणून त्यांचं कोलॅजेन कमी तापमानाला सुटतं. प्रोजेक्टला विषय हवा असेल तर मिरकरवाडा बंदरातून माशांची कातडी आणा, थंड ठेवूनच सौम्य ॲसेटिक आम्लात कोलॅजेन उतरवा आणि हळूहळू तापवत साध्या व्हिस्कोमीटरने बघा, दाटपणा नेमका किती अंशांना कोसळतो, म्हणजे पीळ कधी सुटतो.