रुग्णाच्या चादरी-कपड्यांवरचे डाग निघत नाहीत? या चुका टाळा

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की औषध-पथ्यापेक्षा धुणंच जास्त दमवतं. सकाळी बदललेली चादर दुपारी पुन्हा भिजते. मग वैतागून कढत पाणी, साबण, ब्लीच, जे हाताला लागेल ते ओतलं जातं, आणि बहुतेक डाग या घाईमुळेच पक्के होतात. रक्त असो, पू, उलटी, शी किंवा लघवी, क्रम एकच: आधी थंड पाणी, मग साबण, आणि डाग पूर्ण गेल्यावरच गरम पाणी, ऊन, इस्त्री.

थेट गरम पाण्यात बुडवणं

न्हाणीतल्या भाणात पाणी तापलेलं असतंच, म्हणून चादर तशीच त्यात जाते. गरम पाण्याने जंतू मरतात हे खरं, पण त्याची वेळ नंतरची. रक्त, पू, उलटी, शी यांत प्रथिनं असतात. अंड्याचा पांढरा भाग उकळत्या पाण्यात जसा घट्ट होतो, तशी ती धाग्यात थिजून बसतात आणि तपकिरी डाग मागे राहतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी नळाला चांगलंच गरम येतं. आपण ‘थंड पाणी’ समजून ते वापरतो. डागांसाठी सकाळीच एक बादली भरून सावलीत ठेवा, किंवा सरळ विहिरीचं पाणी घ्या.

रक्ताचा डाग ताजा असेल तर कापड उलटं धरा आणि मागच्या बाजूने पाण्याची धार सोडा. ज्या बाजूने रक्त आत गेलं, त्याच बाजूने ते बाहेर पडतं. घासू नका, घासल्याने ते आणखी आत शिरतं आणि कडेने पसरतं. पाणी स्वच्छ येऊ लागलं की थंड पाण्यात साबण लावा. डाग वाळून कडक झाला असेल तर पाकिटावर ‘एन्झाइम’ लिहिलेली धुण्याची पावडर घ्या आणि रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. एन्झाइम प्रथिनं तोडतं, पण कढत पाण्यात ते निकामी होतं. रेशीम आणि लोकरही प्रथिनंच, त्यामुळे शालीला ही पावडर लावायची नाही.

एवढं करून पांढऱ्या सुती कापडावर रक्ताची सावली राहिलीच, तर फार्मसीतून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांवर आणा. डागावर टाकताच पांढरा फेस उसळतो, तो रक्तामुळेच. पाच-दहा मिनिटांनी थंड पाण्याने धुवा, गरज वाटली तर पुन्हा टाका. रंगीत कापडावर आधी शिवणीच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून बघा.

हळदीला रक्त समजणं

खिचडी किंवा हळदीचं दूध उलटून पडलं, साबण लावला आणि डाग एकदम लालभडक झाला, की घरातली माणसं घाबरतात. साबण अल्कलीयुक्त असतो आणि अल्कलीत हळद लाल होते. साबण धुऊन निघाला की ती पुन्हा पिवळी पडते. हा डाग चोळून जात नाही, उन्हात विटतो. उलटीतला बाकीचा भाग थंड पाण्याने काढा, साबण लावून धुवा आणि चादर कडक उन्हात घाला.

जखमेच्या पट्टीजवळचा तपकिरी डागही पुष्कळदा रक्ताचा नसून बीटाडीन या आयोडीनयुक्त औषधाचा असतो. क जीवनसत्त्वाची गोळी कुटून पाण्यात विरघळवा आणि ते पाणी त्यावर टाका. आयोडीनचा रंग बघता बघता उडतो.

ब्लीच सगळ्यात आधी, आणि कशातही मिसळून

ही चूक फक्त कापडावर भागत नाही. लघवी साठून राहिली की तिच्यात अमोनिया तयार होतो. त्या चादरीवर थेट ब्लीच ओतलं तर क्लोरामाइनचा वायू सुटतो. खोकला येतो, डोळे झोंबतात, आणि आपली न्हाणी असते लहान, खिडकी वर कोपऱ्यात. ब्लीचमध्ये विनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं आम्ल मिसळलं तर क्लोरीन वायू होतो, तो याहून वाईट. तेव्हा आधी चादर साध्या पाण्यात दोनदा खळखळून काढा, साबणाने धुवा आणि मगच ब्लीच.

तेही दरवेळी लागत नाही. जुलाब चालू असतील, संसर्ग असेल, तेव्हा पांढऱ्या सुती कापडासाठी वापरा. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर एक लिटर पाण्यात १० मिली, अर्धा तास, मग भरपूर पाण्याने धुणं. रबराच्या शीटला, इलॅस्टिकला आणि रेशमाला ब्लीच लावू नका. विहिरीच्या पाण्यात लोहाचा अंश असेल तर ब्लीच त्याला गंजवतं आणि पांढऱ्या चादरीवर पिवळे-तांबूस ठिपके उठतात. पाणी तांबूस येत असेल तर ब्लीच विसरा.

लघवीचा वास धुऊनही जात नसेल तर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं विनेगर घाला. ब्लीच वापरलेल्या धुण्यात ते मुळीच नको. स्वयंपाकातलं माडाचं विनेगरही नको, त्याला स्वतःचा रंग असतो.

पावसात ओलं धुणं साठवणं

जून ते सप्टेंबर ही खरी परीक्षा. ऊन नाही, हवा दमट, आणि बादलीत दोन दिवस पडलेल्या चादरीवर काळे ठिपके धरतात. ते बुरशीचे, आणि निघायला रक्तापेक्षा चिवट. जाड चादरी या चार महिन्यांत बाजूला ठेवा. जुन्या सुती साड्यांचे दुहेरी तुकडे रबराच्या शीटवर अंथरा. ते पटकन धुतले जातात आणि पंख्याखाली वाळतात. वाळवण्याच्या घाईत इस्त्री फिरवण्याआधी कापड उजेडात धरून बघा. डागाची सावली दिसली तर इस्त्री ती पक्की करील.

टॉवेल आणि दुपट्यांना कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, ते ओल शोषेनासे होतात.

हाताळताना

मळलेली चादर झटकू नका, आतल्या बाजूला गुंडाळत काढा. शी आधी संडासात टाका, मगच चादर मशीनमध्ये. हातमोजे घाला आणि काढल्यावरही साबणाने हात धुवा. केमोथेरपी घेतल्यावर निदान ४८ तास त्या माणसाचे कपडे वेगळे ठेवा, हातमोजे घालूनच हाताळा आणि दोनदा धुवा, कारण औषधाचा अंश लघवी-उलटीतून बाहेर पडतो.

बादलीला झाकण ठेवा आणि ती पलंगाजवळून लगेच हलवा. वासापुरता हा प्रश्न नाही. ‘बाय, मी मुद्दाम नाही गो केलं,’ असं सासूबाई म्हणतात तेव्हा त्यांची नजर त्या बादलीवर असते. नाक मुरडू नका, धुण्याचे सुस्कारे त्यांच्यासमोर टाकू नका. लाजेपोटी म्हातारी माणसं पाणी पिणं कमी करतात, मग लघवी गडद होते आणि संसर्गाची भीती वाढते.

डाग न बघताच धुऊन टाकणं

डांबरासारखी काळी, चिकट शी पोटातल्या रक्तस्रावाची असू शकते. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, म्हणून त्या चालू आहेत का ते आठवा. क्षयाच्या उपचारातल्या रिफॅम्पिसिनने लघवी आणि घाम नारिंगी होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण लघवीत रक्त दिसलं किंवा पूचा रंग-वास बदलला, तर चादर भिजत घालण्याआधी मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. ‘काल काहीतरी लालसर होतं’ एवढ्या सांगण्यापेक्षा त्यांना तो फोटो जास्त उपयोगी पडतो.