दोन किल्ल्यांचं कुलूप: नायक आणि खलनायक एकत्र लढतात असं ३२ पानी कॉमिक कसं रचावं

नायक आणि खलनायक शेजारी शेजारी उभे आणि समोर ग्रहच्या ग्रह गिळणारी कुठलीतरी वैश्विक सत्ता, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की हात शिवशिवतात. बहुतेक कच्च्या संहिता याच चित्रापासून सुरू होतात आणि तिथेच अडकतात, कारण ते दोघे एकत्र का आले याचं उत्तर ‘संकटच तेवढं मोठं होतं’ एवढंच असतं. तेवढ्यानं भागत नाही. संकट मोठं असेल तर खलनायक पळून जाईल, लपेल, नाहीतर सरळ त्या सत्तेला जाऊन मिळेल. त्याला नायकाच्या बाजूला उभं करायचं तर तसं कारण कथेच्या रचनेतच बसवावं लागतं.

बँकेतला लॉकर आठवा. एक किल्ली आपली, एक बँकेची. दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नाही. कथेतलं कुलूप असंच करा. नायकाकडे जे नाही ते खलनायकाकडे हवं, आणि नेमकं तेच हवं. इथे समजण्यापुरती तीन पात्रं घेऊ. उल्का ही नायिका. तिच्या अंगातून प्रखर उजेड निघतो. विवर हा खलनायक; तो कुठलीही वस्तू स्वतःकडे ओढून धरतो. आणि निःशेष, ताऱ्यांचा उजेड पिणारी सत्ता.

आधी सत्तेच्या तीन ओळी

चित्राला हात लावण्याआधी एका कागदावर तीनच ओळी लिहा: ते काय करतं, त्याला काय करता येत नाही, आणि काय त्याच्या लक्षातच येत नाही. निःशेषच्या बाबतीत: अंगावर येणारी सगळी ऊर्जा पितं, पिताना तोंड मिटता येत नाही, पीत असताना त्याला दुसरं काही दिसत नाही. आता कुलूप आपोआप तयार होतं. उल्का एकटी लढली तर तिचा प्रत्येक वार म्हणजे त्याचा घास. विवर एकटा लढला तर अंधारात काय धरायचं तेच त्याला दिसत नाही. उल्का पेटली, निःशेषनं तोंड उघडलं, की त्या दोन श्वासांत विवरनं ओढायचं. तिचा पराभवच त्याला वाट दाखवतो.

या तीन ओळी न लिहिता पुढे गेलात तर सत्तेची ताकद पानागणिक वाढत जाते, कारण दर वेळी नायकांना हरवायला काहीतरी नवं लागतं. शेवटी तिला हरवायला एखादं अचानक सापडलेलं शस्त्र आणावं लागतं. ते शस्त्र आणायलाही हरकत नाही, पण ते सत्तेला कळेल अशा भाषेत बोलणारं हवं. १९६६ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी आणलेला गॅलॅक्टस एका यंत्राच्या धाकानं पृथ्वी सोडून जातो. त्याला कुणी ठोसे मारून पाडत नाही. शिवाय तो ग्रह खातो ते भुकेपोटी. पृथ्वीबद्दल त्याच्या मनात द्वेष नाही. तुमच्याही सत्तेला द्वेष देऊ नका. द्वेष आला की ती माणसाच्या मापाची होते.

मराठीत लिहिताना एक सोय हाताशी आहे, ती वापरा. या सत्तेला ‘तो’ किंवा ‘ती’ न म्हणता ‘ते’ म्हणा. ‘ते आलं’, ‘ते पितं’. ‘ते आले’ केलंत तर आदरार्थी होतं आणि सगळा परिणाम जातो. तिचं बोलणं शेपटीच्या फुग्यात न घालता बिनशेपटीच्या चौकोनात घाला, आणि सबंध अंकात मिळून चाळीस शब्दांच्या वर जाऊ नका. जास्त बोलणारी सत्ता घाबरवत नाही.

खलनायक का येतो, आणि कधी फिरतो

खलनायकाला चांगला करू नका. सर्वांत जास्त संहिता इथे बिघडतात: बाराव्या पानावर तो डोळे पुसतो आणि तिथून पुढे कथेत दोन नायक उरतात. त्याला स्वतःचं कारण द्या, आणि ते कारण शेवटपर्यंत स्वार्थाचंच राहू द्या. जिम स्टार्लिन यांच्या १९९१ च्या ‘इन्फिनिटी गाँटलेट’ या सहा अंकी मालिकेत खलनायक डॉक्टर डूम नायकांबरोबर थॅनॉस या महाखलनायकावर चालून जातो, पण त्याची नजर असते थॅनॉसच्या सर्वशक्तिमान हातमोज्यावर. पुढे हातमोजा नेब्युला ही आणखी एक खलनायिका पळवते, आणि मग खुद्द थॅनॉसच नायकांच्या बाजूनं उभा राहतो. बाजू बदलली, माणूस बदलला नाही. ही मालिका त्यासाठीच बारकाईनं वाचण्यासारखी आहे.

दगाफटका अनपेक्षित वाटावा पण मागे वळून पाहिलं तर दिसावा. म्हणून त्याचं बी युती होण्याआधी पेरा. विवर निःशेषला नुसतं थांबवणार की त्याची ताकद स्वतःकडे ओढून घेणार, हा प्रश्न वाचकाच्या मनात नवव्या पानापर्यंत उभा राहायला हवा. १९८५-८६ च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’मध्ये लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी याहून धीट चाल केली आहे: विश्व संपत आलेलं असताना खलनायक टोळी करून उरलेल्या समांतर पृथ्व्या जिंकायला निघतात, आणि सगळ्यांनी एकत्र यायचं ते त्यानंतर.

आपल्याकडे समुद्रमंथनाची कथा तोंडपाठ असते, पण तिची बांधणी फार कमी लोक वापरतात. देव आणि असुर, दोघांनाही अमृत हवंय. एकट्यानं घुसळता येत नाही. भागवतात वासुकीच्या तोंडाची बाजू आधी देव धरतात, असुरांना शेपटी धरणं कमीपणाचं वाटतं, म्हणून ते तोंड मागून घेतात आणि विषारी फूत्कारांनी होरपळतात. युतीतली जागा कोणी कुठली धरली, यातूनच स्वभाव कळतो. अमृत हाती आलं त्या क्षणी युती संपते. तुमच्या कथेतलं अमृत कोणतं, ते ठरवून ठेवा.

बत्तीस पानांची विभागणी

आतली ३२ पानं, मुखपृष्ठाची चार वेगळी. सेंटर पिन मारलेल्या अंकात पानांची संख्या चारच्या पटीत लागते. पान १ उजवीकडे येतं, त्यामुळे जोडपानं २-३, ४-५ अशी पडतात. दचकवणारं चित्र नेहमी सम पानावर ठेवा. पान उलटल्यावरच ते दिसतं. विषम पानावर ठेवलंत तर डावीकडचं पान वाचता वाचताच डोळा तिकडे जातो.

१६-१७ ही जोडी सोन्यासारखी वापरा. पिनेच्या मधोमध असल्यामुळे ही दोन पानं एकाच कागदावर सलग छापली जातात. इतर कुठल्याही जोडपानात डावी बाजू एका कागदावर आणि उजवी दुसऱ्यावर असते, आणि जोडणीत एखादा मिलिमीटर सरकतोच. आडव्या चित्रातला हात मनगटापाशी तुटलेला दिसतो तो यामुळे. म्हणून निःशेष पहिल्यांदा पूर्ण दिसतं ते १६-१७ वर. त्याआधी फक्त कडा, सावली, विझलेले तारे. आकार कळण्यासाठी शेजारी ओळखीची वस्तू हवी: विजेचा मनोरा, धरणाची भिंत, उभी आगगाडी. नुसता ग्रह काढून आकार कळत नाही, कारण ग्रह कोणी हाताशी पाहिलेला नाही.

मग पहिली पाच पानं उल्का आणि विवर यांच्या जुन्या वैराला, ६ ते ९ उल्काच्या हरण्याला, १०-११ विवरच्या टोळीच्या नाशाला, १२ ते १५ बोलणीला. १६-१७ वर पहिला एकत्र हल्ला, आणि तो फसायला हवा, कारण दोघे अजून आपापलंच लढतायत. १८ ते २१ दोषारोप, २२ ते २७ बेत आणि खरा हल्ला, २८ ते ३२ फाटाफूट.

बोलणीची चार पानं कमी करू नका. हातघाईच्या पानांमधून चौकटी चोरा, इथून नाही. असं एक पान:

पान १४, पाच चौकटी.
चौकट १: पानभर आडवी. पडीक पाण्याची टाकी, रात्र. डावीकडे उल्का उभी, उजवीकडे विवर उकिडवा बसलेला. मध्ये आठ-दहा फूट रिकामी जमीन. संवाद नाही.
चौकट २: विवरचा तळहात, अगदी जवळून. कातडी उललेली, अंगठ्याचं नख काळंनिळं. विवर: “दोन श्वास. त्यापुढे आम्हाला ते धरता येत नाही.” उल्का: “तुझे लोक कुठे आहेत?”
चौकट ३: विवरचा चेहरा, अर्धा अंधारात. विवर: “गेले.”
चौकट ४: उल्का. नजर दुसरीकडे. उल्का: “माझ्या भावाला तू मारलंस.”
चौकट ५: पहिलीच चौकट, लहान करून. अंतर तेवढंच. विवर: “हो.”

विवर माफी मागत नाही आणि उल्का क्षमा करत नाही. टोळी संपली तरी तो अजून ‘आम्हाला’ म्हणतोय, हे पाहा. मराठीतलं ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतं, ‘आपण’ त्याला आत घेतं. म्हणून संहितेत शोध लावून विवरच्या तोंडचा प्रत्येक ‘आपण’ बावीसाव्या पानापर्यंत काढून टाका. तेविसाव्या पानावर तो कामाच्या ओघात विचारतो, “आपण उजेड कुठून पाडायचा?” कुणीही त्यावर काही बोलत नाही. एकतिसाव्या पानावर तो परत ‘तुम्ही लोक’ म्हणतो. युती कधी झाली आणि कधी मोडली, हे सांगायला निवेदनाची पट्टी लागत नाही.

चौकट, फुगा, अक्षर

एका पानाला सरासरी पाच चौकटी, एका चौकटीत फार तर वीस-पंचवीस शब्द, एका फुग्यात बारा. इंग्रजी कॉमिक्सचा चौकटीला पस्तीस शब्दांचा हिशेब मराठीला लावू नका; आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांबतात आणि फुगा चित्र खातो. नायक-खलनायक मिळून सातच्या वर बोलणारी पात्रं ठेवू नका. एका चौकटीत तिघांहून जास्त बोलले की कोण कुणाला उत्तर देतंय ते कळत नाही.

अमेरिकी अंकाचं छापील माप साधारण ६⅝ बाय १०¼ इंच. मूळ चित्र ११ बाय १७ इंचांच्या कागदावर काढतात. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची कड, सोडा, आणि फुगे कडेपासून १० मिलिमीटर आत. पिन मारल्यावर मधले कागद बाहेर सरकतात आणि कापताना त्यांचीच कड जास्त जाते, त्यामुळे १६-१७ च्या आसपास हे अंतर जास्त कसोशीनं पाळा. रंगीत पान ३०० डीपीआय (इंचाला ठिपके), नुसती शाईची रेघ ६००.

अक्षर नऊ पॉइंटच्या खाली नको, आणि दोन ओळींतलं अंतर बारा-तेरा पॉइंट, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. ‘कलम’ हा हाताच्या वळणाचा टंक (फॉन्ट) संवादाला चालतो, ‘बालू’चं जाड वजन आवाजांना, दोन्ही मोफत मिळतात. जोर द्यायला अक्षर तिरकं करू नका, जाड करा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये जोडाक्षरं फुटली किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या मागे गेली तर टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ चालू आहे का ते बघा. निःशेषच्या येण्याला ‘धडाम’ लिहू नका. ते उजेड पितं, म्हणून आवाजही आतला: ‘सूंऽऽऽ’, आणि पुढच्या चौकटीत काहीच नाही.

छापायला देण्याआधी ए-फोरचे आठ कागद मधोमध दुमडून पिन मारा, पानांना आकडे घाला आणि कच्ची रेखाटनं त्यातच काढा. मग ही वही कथा माहीत नसलेल्या माणसाच्या हातात द्या, काही सांगू नका, आणि त्याचा अंगठा कुठल्या पानावर थबकतो ते लिहून ठेवा. १४ वर थबकला आणि १६ वर पोहोचल्यावर वही थोडी लांब धरली, तर शाईला लागा.