आयपीएस अधिकाऱ्याचा पगार कसा मोजायचा?

खांद्यावरची चिन्हे पाहून पगार ताडायला जाल तर फसाल. अपर महासंचालक आणि महासंचालक दोघांच्याही खांद्यावर अशोकस्तंभ आणि तलवार-दंड. पगार मात्र वेगळा. उलट जिल्हा पोलीस अधीक्षकाच्या खुर्चीत लेव्हल (वेतनस्तर) 11 चा अधिकारी असतो, कधी 12 किंवा 13 चाही. त्यामुळे आधी लेव्हल विचारा, मग हुद्दा.

सातव्या वेतन आयोगात लेव्हल 10 (सहायक अधीक्षक) 56,100 रुपयांपासून, 11 ही 67,700 पासून, 12 ही 78,800 पासून सुरू होते. उपमहानिरीक्षक (13अ) 1,31,100, महानिरीक्षक (14) 1,44,200, अपर महासंचालक (15) 1,82,200. महासंचालकांसाठी लेव्हल 16 (2,05,400). पोलीस दलाच्या प्रमुखाला लेव्हल 17, म्हणजे 2,25,000 ठोक, वार्षिक वेतनवाढ नाही.

बढतीत लोक हमखास चुकतात. नव्या लेव्हलचा पहिला आकडा आपोआप मिळत नाही. आधी जुन्या लेव्हलमध्ये एक वेतनवाढ धरायची, मग नव्या लेव्हलमध्ये तेवढाच किंवा लगेच वरचा आकडा शोधायचा. 1,43,300 वर असलेला उपमहानिरीक्षक महानिरीक्षक झाला, तर 1,47,600 धरून तो 1,48,500 वर जातो.

आता हाच महानिरीक्षक मुंबईत आहे असे धरू. महागाई भत्ता 58 टक्के (1 जुलै 2025 चा दर) म्हणजे 86,130. घरभाडे भत्ता 30 टक्के, 44,550. तो फक्त मूळ वेतनावर, महागाई भत्ता मिळवून नव्हे. वाहतूक भत्ता 7,200, त्यावर मात्र महागाई भत्ता मिळतो, म्हणून 11,376. एकूण 2,90,556.

पण हा आकडा बहुतेकदा कागदावरच राहतो. सरकारी बंगला घेतला की घरभाडे भत्ता बंद, घर-कार्यालय प्रवासाला सरकारी गाडी मिळाली की वाहतूक भत्ताही बंद. उरतात 2,34,630. बंगल्याची किंमत पगारपत्रकात दिसत नाही, मुंबईतले भाडे ठाऊक असलेल्याला ती सांगायला नको! 2004 पासून सेवेत आलेल्यांची राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या 10 टक्के कपात होते, इथे 23,463. प्राप्तिकर त्यानंतर.

नाशिक, कोल्हापूरला बदली झाली तर घरभाड्याचा दर 20 टक्क्यांवर येतो आणि वाहतूक भत्ता 3,600 अधिक महागाई भत्ता.