टेक्सासचं लायसन्स आहे, पण ते मल्टिस्टेट आहे का?

एनक्लेक्स (अमेरिकेतली नर्सिंग लायसन्सची परीक्षा) झालीय, ग्रीन कार्ड आलंय, आता अमेरिकेत ट्रॅव्हल नर्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या राज्यांत थोड्या आठवड्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर काम, करायचंय? मग एक गोष्ट आधी पक्की करा. कॉम्पॅक्ट म्हणजे एकमेकांचं नर्सिंग लायसन्स मानणाऱ्या राज्यांचा करार. पण त्यातल्या राज्याचं लायसन्स मिळालं म्हणजे ते मल्टिस्टेट, म्हणजे करारातल्या सगळ्या राज्यांत चालणारं, असतंच असं नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणी भारतात असतानाच टेक्सासकडे अर्ज करतात. तेव्हा तिथला पत्ता नसतो, सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, म्हणून मिळतं ते सिंगल स्टेट, फक्त टेक्सासपुरतं. पुढे डॅलसला राहायला आलात तरी ते आपोआप बदलत नाही. राहण्याचा पुरावा आणि सोशल सिक्युरिटी नंबर देऊन राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, बोटांचे ठसे आणि एफबीआयची तपासणीही त्यात आली. माझी रिक्रूटर ठामपणे म्हणाली होती, "टेक्सास कॉम्पॅक्टमध्ये आहे, काळजी नको." ॲरिझोनाच्या कॉन्ट्रॅक्टवर सही झाली, तिथल्या घराचं डिपॉझिट भरलं, आणि कागदपत्रं तपासणाऱ्या क्रेडेन्शियलिंगवाल्यांनी फाइल परत पाठवली, कारण माझं लायसन्स सिंगल स्टेट होतं. कॉन्ट्रॅक्ट गेलं, डिपॉझिटही गेलं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

तेव्हा आज, आत्ता नर्सिसच्या (Nursys, नर्सिंग लायसन्स तपासायची साइट) साइटवर क्विक कन्फर्ममध्ये स्वतःचं नाव टाका. फुकट आहे. लायसन्सपुढे मल्टिस्टेट की सिंगल स्टेट ते स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि कुठल्या राज्यांत काम करता येईल तेही दिसतं. सिंगल दिसलं तर घाबरू नका. कागद पूर्ण असतील तर ते बदलून मिळतं, आणि मग चाळीसच्या आसपास राज्यं खुली होतात.

मल्टिस्टेट टिकतं ते तुमच्या कायमच्या राहत्या राज्यावर. तेरा आठवड्यांचं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे राज्य बदलणं नव्हे, त्यामुळे कामाच्या गावी ड्रायव्हिंग लायसन्स काढून बसू नका, ते राहतं राज्य बदलल्याचा पुरावा धरलं जातं. खरोखरच दुसऱ्या कॉम्पॅक्ट राज्यात बिऱ्हाड हलवलंत, तर ६० दिवसांत तिथे अर्ज करायचा. हा नियम २ जानेवारी २०२४ पासूनचा आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सीनियर मनापासून मदत करतात, पण त्यांचा अनुभव बऱ्याचदा त्याआधीचा असतो. शेवटचा शब्द बोर्डाच्या साइटचा. रिक्रूटरचा तर नाहीच. लायसन्सवर कारवाई झाली तर ती तुमच्यावर होते, तिच्यावर नाही.

फोनवरून ट्रायाज, म्हणजे पेशंटची तक्रार ऐकून ती किती तातडीची ते ठरवणं, करणार असाल तरी हेच. पेशंट ज्या राज्यात बसलाय, तिथे काम करायची परवानगी हवी.

कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क कॉम्पॅक्टमध्ये नाहीत. तिथे मल्टिस्टेट चालत नाही, एंडोर्समेंटने, म्हणजे आधीच्या राज्याच्या लायसन्सच्या आधारावर, वेगळं लायसन्स काढावं लागतं. कॅलिफोर्नियाची लाइव्ह स्कॅन (बोटांचे ठसे मशीनवर देणं) त्याच राज्यात जाऊन करावी लागते. बाहेरून अर्ज केलात तर ठशांचं कार्ड पोस्टाने पाठवायचं, आणि त्याला वेळ जास्त लागतो. तिकडे जायचं मनात असेल तर कॉन्ट्रॅक्ट शोधायच्या कितीतरी आधी अर्ज टाकून ठेवा.